ॲरिझोनातल्या चार्टर शाळा: प्रवेशाला लॉटरी, गणिताला अपूर्णांक

प्रश्न पुण्यातल्या एका वडिलांचा आहे. जुलैमध्ये ते कुटुंबासह ॲरिझोनातल्या चँडलरला येतायत. मुलगी सीबीएसईच्या शाळेत पाचवीत आहे, डिसेंबरमध्ये १० वर्षांची झाली. धाकटा मुलगा येत्या ऑक्टोबरमध्ये ५ पूर्ण करील. त्यांनी विचारलंय: बेसिससारख्या चार्टर शाळेत प्रवेश परीक्षा असते का, तिचा सिलॅबस कुठे मिळतो, ऑफिसमधले लोक म्हणतात तसं दोन वर्षं पुढचं गणित उरकून आणावं का, आणि डोनेशन किती तयार ठेवावं?

मी फिनिक्सच्या परिसरात, म्हणजे इथले लोक ज्याला नुसतं ‘व्हॅली’ म्हणतात तिथे, मिडल स्कूलच्या मुलांना बरीच वर्षं गणित शिकवते आहे. या शाळांत टिकलेली मुलं पाहिली आहेत आणि वर्षभरात बाहेर पडलेलीही. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

प्रवेश परीक्षा नसते. डोनेशनही लागत नाही. आपल्याकडे नवोदयची निवड चाचणी, स्कॉलरशिप, नामवंत शाळांच्या मुलाखती हे सगळं डोक्यात इतकं बसलेलं असतं, की ‘चांगली शाळा’ म्हटलं की निवड आलीच असं आपण धरून चालतो. चार्टर शाळेचं तसं नाही. ती सरकारी पैशावर चालणारी, बिनफीची सार्वजनिक शाळा असते. फरक एवढाच, की ती स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या, हाताखाली नसते. एखादी संस्था राज्याशी करार करून ती चालवते. या कराराला चार्टर म्हणतात. पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला, ॲरिझोनाने १९९४ मध्ये, आणि ॲरिझोनात या शाळा झपाट्याने वाढल्या. बेसिसची पहिली शाळा १९९८ साली टूसॉनमध्ये निघाली. पुढे २०१७ आणि २०१८ मध्ये यूएस न्यूज या नियतकालिकाच्या हायस्कूलांच्या यादीत बेसिस स्कॉट्सडेल देशात पहिली आली आणि भारतीय कुटुंबांत या नावाचा बोलबाला झाला.

ॲरिझोनाच्या कायद्यातला प्रवेशाचा नियम सरळ आहे. मुदतीत अर्ज केलेल्या प्रत्येक पात्र मुलाला शाळेने घ्यायचं. अर्ज जागांपेक्षा जास्त आले, तर लॉटरीसारख्या समन्यायी पद्धतीने निवडायचं. आधीपासून शिकणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या भावंडांना प्राधान्य असतं. कर्मचाऱ्यांच्या मुलांनाही शाळा ते देऊ शकते. वंश, मूळ देश, लिंग, उत्पन्न, अपंगत्व, इंग्रजीचं प्रावीण्य किंवा खेळातलं कौशल्य या कारणांवरून प्रवेश मर्यादित करता येत नाही. दुसऱ्या शाळेतून काढून टाकलेल्या मुलाला मात्र शाळा नकार देऊ शकते. कोणत्या इयत्ता किंवा कोणता वयोगट घ्यायचा हेही तिला ठरवता येतं, आणि म्हणूनच वरच्या वर्गांत नव्या मुलांसाठी जागा थोड्या असतात. टेक्सासमध्ये हाच नियम आणखी स्पष्ट शब्दांत आहे: शैक्षणिक, कलाविषयक किंवा क्रीडाविषयक क्षमतेवरून प्रवेशात भेद करता येणार नाही. तुमचे कुणी ऑस्टिन किंवा सॅन अँटोनियोत असतील तर त्यांना हे सांगा.

इथे एक घोळ नेहमी होतो. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, व्हर्जिनिया इथे ‘बेसिस इंडिपेंडंट’ नावाच्या शाळा आहेत. त्या खासगी आहेत, भरपूर फी घेतात आणि मुलाची चाचपणी करून प्रवेश देतात. कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या तुमच्या मित्राने परीक्षेबद्दल सांगितलं असेल तर तो खोटं बोललेला नाही. तो दुसऱ्याच प्रकारच्या शाळेबद्दल बोलतोय.

मग तुमच्या हातात काय आहे? अर्ज वेळेत करणं आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी करणं. ऑगस्टच्या वर्गासाठीचे अर्ज आदल्या वर्षीच उघडतात, त्यामुळे जानेवारीत विचारताय म्हणजे पहिली फेरी कदाचित हुकली असेल. तरी अर्ज करा, वेटलिस्टवर नाव घाला. यादी उन्हाळाभर सरकत असते, कारण लोक तीन-तीन ठिकाणी नावं घालतात आणि जुलैच्या शेवटी दोन सोडतात. ॲरिझोनात बऱ्याच शाळा जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला उघडतात. त्या आठवड्यातही फोन येतात. फोन आल्यावर उत्तर द्यायला फार वेळ देत नाहीत, म्हणून पुण्याचा नंबर देऊ नका. धाकट्यालाही याच वर्षी घालायचं ठरवलंत, तर दोन्ही मुलांचे अर्ज एकदम टाका. एकाला जागा मिळाली की दुसऱ्याला भावंडाचं प्राधान्य लागू होतं.

प्रवेश पक्का करताना जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि राज्यात राहत असल्याचा पुरावा लागतो. भाडेकरार चालतो. डिस्ट्रिक्ट कुठलं आहे याने चार्टर शाळेत फरक पडत नाही. चँडलरमध्ये राहून मेसातल्या किंवा अहवाटुकीतल्या शाळेत जाता येतं. फक्त सकाळी गाडी तुम्हालाच चालवावी लागेल, कारण अनेक चार्टर शाळांना बस नसते. व्हिसाची काळजी करू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालापासून सार्वजनिक शाळेला इमिग्रेशनच्या स्थितीवरून मूल नाकारता येत नाही. एच-४ किंवा एल-२ वर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या पालकांसोबतच्या व्हिसावर, आलेली मुलं तर इथे सगळीकडे आहेत.

आणखी एक कागद येईल, घरच्या भाषेचा. घरी बहुतेक वेळ कोणती भाषा बोलतात, मूल कोणती बोलतं, आधी कोणती बोलायला शिकलं, असे तीन प्रश्न. इथे अनेक मराठी आईबाप घाबरून ‘इंग्लिश’ लिहितात. त्यांना वाटतं, मराठी लिहिलं तर मूल मागे पडलेलं समजतील. खरं ते लिहा. मराठी लिहिलं की राज्याची आझेला नावाची इंग्रजीची चाचणी होते. इंग्रजी माध्यमातली दहा वर्षांची मुलगी बहुधा त्यात अडणार नाही, आणि अडलीच तर तिला भाषेची मदत मिळण्याचा हक्क आहे. गणिताच्या शाब्दिक उदाहरणांत जे मूल भाषेमुळे अडखळतं, त्याला ही मदत सोन्यासारखी असते.

शाळा देणगी मागेल. पत्र येईल, आठवण येईल, कदाचित पालकसभेत आवाहन होईल. ती ऐच्छिक असते. द्यावीशी वाटली तर द्या. न दिल्याने जागा जात नाही.

आता गणित. जागा मिळाली आणि तुम्ही ती स्वीकारली, की प्लेसमेंट टेस्ट होते. ती मूल आत घ्यायचं की नाही हे ठरवण्यासाठी नसते, कोणत्या गणिताच्या वर्गात बसवायचं हे ठरवण्यासाठी असते. मात्र इथे एक पाचर आहे. काही शाळा या चाचणीवरून इयत्ताही सुचवतात. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाला असं सांगितलं गेलं, की मूल सहावीसाठी तयार नाही, पाचवीत बसवू, पण पाचवीत जागा नाही. असं झालं तर तोंडी ऐकून परत येऊ नका. कोणत्या लिखित धोरणाच्या आधारे हे सांगताय, ते ईमेलवर मागा. उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर ॲरिझोना स्टेट बोर्ड फॉर चार्टर स्कूल्सकडे तक्रार करता येते. बहुतेक शाळांना चार्टर त्यांनीच दिलेलं असतं आणि देखरेखही तेच करतात. त्या कुटुंबाने शांतपणे ईमेल लिहिली आणि आठवड्याभरात जागा निघाली.

तुमच्या मुलीच्या बाबतीत इयत्तेचा प्रश्न वेगळ्या बाजूने येईल. ती मार्चमध्ये पाचवी संपवेल, पण ऑगस्टमध्ये ती १० वर्षांची असेल, आणि १ सप्टेंबरला दहा पूर्ण झालेलं मूल इथे साधारण पाचवीत असतं. म्हणजे कागदावर ‘पाचवी पुन्हा’. आजीला हे ऐकून वाईट वाटेल, मुलीलाही वाटेल. तरीही माझं मत असं, की सहावीसाठी भांडू नका. या शाळांत पाचवीचं गणित आधीच इयत्तेच्या पुढचं असतं. शिवाय बेसिसमध्ये सहावीपासून जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे वेगवेगळे विषय सुरू होतात. नवा देश, नवे उच्चार, नवी वह्या ठेवण्याची पद्धत आणि वर हे सगळं, त्यापेक्षा एक वर्ष आधी आत शिरलेलं चांगलं.

‘पुढचं गणित’ म्हणजे नेमकं किती पुढचं, ते समजून घ्या. अमेरिकेत बीजगणिताचा पहिला कोर्स, अल्जिब्रा वन, नेहमीच्या वाटेने नववीत येतो. हुशार मुलांना तो आठवीत देतात. या शाळांत तो सातवीच्या आसपास येतो, काही मुलांना त्याही आधी. तिथून मोजलं तर कॅल्क्युलस दहावी-अकरावीत पोचतं. म्हणजे सहावी, सातवी आणि आठवी या तीन वर्षांचं गणित दोन किंवा दीड वर्षांत बसवलेलं असतं. आता त्या तीन वर्षांत राज्याच्या मानकांप्रमाणे काय येतं ते पाहा: अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागणं, गुणोत्तर, ऋण संख्या, प्रमाण, शेकडेवारी, एकरेषीय समीकरणं, पायथागोरस. यातल्या पहिल्या पाचांपैकी ऋण संख्या सोडल्या, तर बाकी चारही गोष्टींचा पाया एकच आहे, अपूर्णांक. पाचवीअखेर अपूर्णांक पक्के असतील तर हे दाबून बसवलेलं गणित मूल पेलतं. कच्चे असतील तर कोणताही क्लास फार काळ तारत नाही.

हे केवळ माझं निरीक्षण नाही. अमेरिकेच्या नॅशनल मॅथेमॅटिक्स ॲडव्हायझरी पॅनेलने २००८ च्या अहवालात बीजगणिताच्या तयारीसाठी अपूर्णांकांवरची पकड निर्णायक मानली. २०१२ मध्ये रॉबर्ट सिग्लर आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांची माहिती तपासली, तेव्हा दहा ते बारा वर्षांच्या वयातलं अपूर्णांक आणि भागाकाराचं ज्ञान हायस्कूलच्या गणिताचा चांगला अंदाज देतं असं दिसलं. बुद्ध्यंक, घरचं उत्पन्न आणि बाकीचं अंकगणित हिशेबात धरल्यावरसुद्धा. तुमची मुलगी नेमकी त्याच वयाची आहे.

भारतातून आलेल्या मुलांची एक खास अडचण सांगते, कारण ती चाचणीत दिसत नाही आणि ऑक्टोबरमध्ये उघडी पडते. आपली मुलं रीत झटपट शिकतात. पुण्याहून आलेली एक मुलगी माझ्याकडे बसली होती. ३/४ ÷ १/८ दिलं. दुसरा अपूर्णांक उलटा, गुणाकार, २४/४, उत्तर ६; दहा सेकंदही लागले नाहीत. मी विचारलं, सहा काय? ती गप्प. पुन्हा विचारलं, पाऊण पोळी आहे, एकेकाला पोळीचा आठवा भाग द्यायचा, तर सहा काय? तिने कागदावर गोल काढला, आठ भाग केले, सहा रंगवले आणि मग म्हणाली, ‘सहा जणांना पुरेल.’ मग तिला टाकीचं उदाहरण दिलं: टाकीचा २/५ भाग भरल्यावर ६० लिटर पाणी झालं, पूर्ण टाकीत किती मावेल? तिने लगेच ६० ला २/५ ने गुणलं आणि २४ लिहिलं. अक्षर सुंदर, पायऱ्या बिनचूक, उत्तर दोनदा अधोरेखित. मी फक्त एवढंच म्हटलं, ‘टाकी भरली की पाणी कमी होतं का?’ तिने स्वतःच खोडलं, एक पट्टी काढली, पाच चौकोन केले, दोन चौकोनांत मिळून ६०, म्हणजे एकात ३०, म्हणजे पूर्ण १५०. हे काम तिला चार मिनिटं लागलं. शंभरातले पंच्याण्णव गुण मिळवणारी मुलगी होती, आणि ही चार मिनिटं तिने याआधी कधी गणितावर घालवली नव्हती, कारण परीक्षेत त्यांना वेळच नसतो.

दोन वर्षं पुढचं उरकून आणू नका असं मी म्हणते ते यासाठी. प्लेसमेंट टेस्टमध्ये रीत पाठ असलेलं मूल वरच्या गटात बसतं. पुढचे सहा-आठ आठवडे सगळं ओळखीचं वाटतं. मग गुणोत्तर आणि ऋण संख्या एकाच उदाहरणात येतात, गृहपाठात आजचा धडा तीन-चार प्रश्नांत आणि बाकी सगळं मागचं मिसळलेलं असतं, आणि कोणती रीत लावायची हे सांगणारं शीर्षक वर नसतं. धडावार सराव केलेलं मूल तिथे गोंधळतं. ते आळशी झालेलं नसतं, अचानक मठ्ठही झालेलं नसतं. पण घरी तसंच समजलं जातं, आणि ते मला फार लागतं.

घरी तपासायचं असेल तर हे करून पाहा. मुलीला लिहून द्या: ८ + ४ = ☐ + ५. चौकटीत १२ किंवा १७ आलं तर बरोबरच्या चिन्हाचा अर्थ तिला ‘आता उत्तर लिही’ एवढाच वाटतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सहावीतल्या मुलांनीही हीच उत्तरं दिली होती, त्यामुळे दचकू नका. पण समीकरणं सुरू होण्याआधी हे सुटायलाच हवं. मग २/३ + १/४. तिला ११/१२ येईलच. करण्याआधी विचारा, उत्तर एकापेक्षा मोठं असेल की लहान? मग ०.३ × ०.२. बरीच मुलं ०.६ लिहितात. ५/८ इंच मोठा की ९/१६ इंच? हा प्रश्न मुद्दाम, कारण इथे मोजपट्टी इंचाची असते आणि सेंटिमीटरवर वाढलेल्या मुलांना सोळावे भाग पाहायची सवय नसते. सव्वापाच फूट दोरीचे पाऊण-पाऊण फुटाचे किती तुकडे होतील? शेवटी एखादं तीन ओळींचं शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचायला लावा आणि उत्तराऐवजी ‘यात काय विचारलंय’ एवढंच सांगायला सांगा. ती अडली तर ती गणितात अडली की वाचनात, हे तुम्हाला तिथेच कळेल.

चौथीपर्यंतच्या दोन गोष्टी मात्र हात न थांबता यायला हव्यात, पाढे आणि मोठा भागाकार. इथल्या काही शिक्षकांना पाठांतराचं वावडं आहे, मला नाही. बारापर्यंतचे पाढे तोंडपाठ नसलेलं मूल समच्छेद करताना सगळी शक्ती लसाविवर खर्च करतं आणि मूळ प्रश्न विसरतं. तुमच्या घरी आजी असतील तर त्यांना पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी नक्की येत असतील. रोज रात्री दहा मिनिटं त्यांच्या हवाली करा. साताची दीडपट साडेदहा हे ज्या मुलीला कागदाशिवाय दिसतं, तिला ७ × ३/२ ला घाबरायचं कारण उरत नाही. नुसतं म्हणून घेऊ नका, मधूनच विचारत राहा: साडेदहा कसे झाले?

येण्याआधीच्या सहा महिन्यांत एवढंच करा. सहावीचं पुस्तक आणू नका. पाचवीचे अपूर्णांक आणि दशांश, पण प्रत्येक उत्तराआधी अंदाज आणि उत्तरानंतर चित्र. आठवड्यातून दोन दिवस मिसळलेला सराव, ज्यात भागाकार, कोन, सरासरी, अपूर्णांक एकाखाली एक येतील. एखादं उदाहरण असं, जे पंधरा मिनिटं सुटणार नाही. आणि त्या पंधरा मिनिटांत तुम्ही मदतीला धावायचं नाही. इथे आल्यावर क्लास लावायचाच असेल तर त्याचा उपयोग ओळखून लावा. कुमॉनने हिशेबाचा वेग वाढतो. बीस्ट ॲकॅडमी किंवा रशियन स्कूल ऑफ मॅथकडे विचाराला ताण मिळतो. ज्या मुलाचा वेग आधीच उत्तम आहे त्याला कुमॉनमध्ये घालून पालक समाधान मानतात, आणि गरज नेमकी दुसरीकडे असते.

शाळा निवडण्याआधी हेही विचारा, की वर्ष पार करायला काय लागतं. बेसिसमध्ये जानेवारीत पूर्वपरीक्षा आणि वर्षअखेरीस सर्वसमावेशक परीक्षा असतात आणि वरच्या वर्गात जाणं त्यांच्याशी जोडलेलं आहे. अमेरिकेतल्या बहुतेक सार्वजनिक शाळांत असं काही नसतं. आपल्याला वार्षिक परीक्षेची सवय असल्याने ते ओळखीचं वाटतं, पण वय दहा आणि देश नवा हे धरून विचार करा. प्रवेशात गाळणी नसली तरी अभ्यासक्रम स्वतःच गाळतो. वर्षाच्या मध्ये मुलं शाळा सोडतात हे सत्य आहे, आणि पालकांनी ते मुलाचं अपयश म्हणून चारचौघांत सांगणं ही मला या सगळ्यातली सर्वांत वाईट गोष्ट वाटते. मुलाला डिस्लेक्सिया, लक्ष टिकवण्याची अडचण किंवा असं काही असेल, तर चार्टर शाळेलाही आयईपी (खास गरजा असलेल्या मुलासाठीचा वैयक्तिक शिक्षण आराखडा) आणि ५०४ आराखडा (अशा मुलाला वर्गात द्यायच्या सवलतींचा) बंधनकारक असतो. ‘आमच्याकडे असली मुलं टिकत नाहीत’ असं कुणी म्हणालं, तर तो सल्ला म्हणून ऐकू नका. सार्वजनिक शाळेला असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

जागा नाहीच मिळाली तर? चँडलरचं डिस्ट्रिक्ट चांगलं आहे आणि तिथेही वेगाने शिकणाऱ्या मुलांसाठी सोय आहे. ॲरिझोनाच्या कायद्यानुसार राज्याने मान्य केलेल्या चाचणीत शाब्दिक, संख्यात्मक किंवा अशाब्दिक यांपैकी एका भागात जरी मूल ९७ व्या शततमकात (पर्सेंटाइल) किंवा वर आलं तरी ते गिफ्टेड, म्हणजे विशेष बुद्धिमान, म्हणून ओळखलं जातं. चाचणी शाळाच घेते, पैसे लागत नाहीत, फक्त पालकांनी मागणी करावी लागते, आणि नव्याने आलेल्या कुटुंबांना हे ठाऊक नसतं. ग्रेट हार्ट्सच्या शाळाही पाहा. त्याही चार्टर आहेत, लॉटरीच्याच. भर अभिजात साहित्यावर आहे आणि गणित तुलनेने सावकाश चढतं. वाचनाची आवड असलेल्या मुलीला ते जास्त मानवेल. बेसिसचं नाव मोठं आहे म्हणून तिथेच, असं करू नका.

धाकट्याचं सोपं आहे. किंडरगार्टनसाठी, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गासाठी, १ सप्टेंबरपूर्वी ५ पूर्ण लागतात. १ जानेवारीपर्यंत पाच होणाऱ्या मुलाला, त्याच्या हिताचं आहे असं ठरवून, शाळा आधी घेऊ शकते. घ्यायलाच हवं असं नाही. ऑक्टोबरच्या मुलासाठी मी थांबले असते. या वेगाच्या शाळेत वर्गातलं सर्वांत लहान मूल असणं पहिलीपर्यंत गोड वाटतं, चौथीत जड जातं.

आणि मुलगी आत गेलीच, तर ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गणिताच्या शिक्षकांना स्वतःहून ईमेल करा. मार्क विचारू नका. विचारा: ती नवीन प्रकारचं उदाहरण स्वतः सुरू करते का, की कुणी पहिली पायरी दाखवण्याची वाट पाहते? गृहपाठाला रोज दीड तासाच्या वर एकट्या गणिताला लागत असेल, तर खालच्या गटात बदलून मागायची वेळ हीच. सप्टेंबरमध्ये गट बदलला तर दोन आठवड्यांत मुलं विसरून जातात. जानेवारीच्या परीक्षेनंतर बदलला तर मधल्या चार महिन्यांचं ओझं मुलीच्या अंगावर राहतं. खालच्या गटातही बीजगणित आठवीपर्यंत येतंच, म्हणजे देशातल्या बहुतेक मुलांच्या वर्षभर आधी.